चौथ्या ट्रॅकवरचा आवाज

प्रिय दादा,

उद्या सकाळी म्हापशाच्या स्टुडिओत मी तुझ्यामागून गाणार आहे. तुझं दिवसकार्य होऊन महिना झाला. तीन वर्षं आपण बोललो नाही. गाण्याआधी निदान दोन शब्द बोलून घ्यावेत, म्हणून हे लिहितोय.

भजनांची कॅसेट काढायला घेतली होतीस, हे मला तू गेल्यावर वहिनीकडून कळलं. काल तिच्याच सांगण्यावरून स्टुडिओत गेलो. रेकॉर्डिस्टने यंत्र समजावून दिलं. चार ट्रॅक, प्रत्येकावर वेगळं भरायचं आणि शेवटी चारही मिसळून एक गाणं करायचं. पहिल्यावर पेटी, दुसऱ्यावर पखवाज, तिसऱ्यावर तू. चौथा कोरा.

मग त्याने हेडफोन माझ्या कानांना लावले. सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवून धुळीने जाड झालेला तुझा गळा, पण सूर पक्का. एक ओळ म्हणालास आणि थांबलास. पेटी चालू, पखवाज चालू, तू गप्प. बरोबर एका ओळीपुरता. मग पुढची ओळ, आणि पुन्हा गप्प.

"हांगा दुसरो गावपी घालूंया म्हळें हांवें," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "तुमचो भाव आयकना. चवथो रिकामो दवर म्हणालो. भाव रागार आसा, पूण येतलो."

दुसरा गाणारा नको म्हणून चौथा ट्रॅक माझ्यासाठी कोरा ठेवलास; रागावलेला भाऊ येईलच अशी इतकी खात्री होती, तर मला हाक मारायला काय झालं होतं, दादा? तुझ्या नार्व्याहून माझी डिचोली काय विलायतेत आहे?

पण नाही, तू आला होतास एकदा.

आपलं बिनसलं भाषेवरून, गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी यावरून. मी मराठी शाळेचा मास्तर, तू कोकणीच्या मोर्चात पुढे. ओसरीवर तावातावाने भांडलो. मी मराठीची बाजू कोकणीतून मांडतोय, हे वहिनी हसली तेव्हा माझ्या लक्षात आलं. आणि दिवसभर कोकणीसाठी घसा फोडून तू संध्याकाळी देवळात मराठी अभंगच म्हणालास! त्यावरून मी तुला चारचौघांत टोमणा मारला आणि भजनात तुझ्यामागून ओळ उचलायला बसणं सोडलं. गोव्याला राज्य मिळालं त्या दिवशी तू पेढे घेऊन माझ्या दारात आलास. मी आतून कडी काढली नाही. ते आता फार लागतं.

काल घरी येऊन गायला बसलो. वरचा सा फाटतो. मोकळ्या जागी पेटी भरून देतो, असं रेकॉर्डिस्ट स्टुडिओत म्हणाला होता. मी साफ नाही म्हणालो. मी चुकलो तर माझा ट्रॅक पुसून पुन्हा भरता येतो. दहादा पुसायला लावीन.

मिसळताना तुझा आवाज डाव्या स्पीकरला आणि माझा उजव्याला ठेवायचा त्याचा बेत होता. वेगळे ऐकू येतात म्हणे. मी म्हटलं, तीन वर्षं वेगळेच होतो, आता दोघांना मध्ये ठेव. दादाचा आवाज कमी करायचा नाही आणि माझाही दाबायचा नाही.

दादा, शब्द देतो. तुझी ओळ संपता संपता, तिच्या शेवटच्या अक्षरावरच मी सूर उचलीन. तुला एक मात्राही जास्त थांबावं लागणार नाही. हे गाताना आपण एका खोलीत नव्हतो, हे कॅसेट ऐकणाऱ्या कुणालाही कळू देणार नाही.

तुझा धाकटा,
विनू