मनी नखं का चावते

२ मार्च २००३, कारेगाव
मी बानूबाई. मला अक्षर येत न्हाई. मी सांगते आन् नात स्वप्नाली लिहिते. मास्तरांनी तिला हस्ताक्षरासाठी रोज पानभर लिहायला लावलंय. सातवीतल्या पोरीकडं रोज सांगण्यासारखं काय असणार? म्हणून गोष्ट माझी आन् अक्षर तिचं. अक्षर मात्र मोत्यावानी. मला वाचता येत न्हाई, पण बघता येतं.
आज मांडवगणहून जीपनं आले. जीपवाल्यानं माझ्या मांडीवर कुणाचा तरी कोंबडा ठेवला. प्रवासात एकटा तोच माझं निमूट ऐकत होता. लेकाची, संपतची, खोली पत्र्याची. अशा खोल्यांची लांब ओळ, समदी कारखान्यातली माणसं. पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून दारात निळा ड्रम. संपतनं दिवाळीला कारखान्याच्या भंगारातून आणलाय. सूनबाई, मालन, तो असा दाखवते जशी दारात म्हैस बांधलीय. घरात पांढरी मांजर हाय, मनी. येताच माझ्या मांडीत बसली. कोंबड्यापेक्षा बरी.

५ मार्च
मनी नखं चावते. फुटाणे खाल्ल्यागत आवाज येतो. घरमालकीण गिताबाई म्हणाल्या, पिसवा असतील. मी केसन् केस उलटा करून बघितला, एक पिसू न्हाई. मालन म्हणाली, जुनं नख सोलत असंल. संपत तिला पिशवीत घालून शिरूरला गुरांच्या डॉक्टरला दाखवून आला. डॉक्टर म्हणाले, बुरशी असंल, न्हाईतर नखात काही अडकलं असंल, न्हाईतर मांजर कंटाळलं असंल. कंटाळलं! आमची मेंढरं कोकणापतोर चालत जायची, एकीनं कधी तक्रार केली न्हाई.
मग मी आमच्या मेंढरांच्या वाड्यावरचा इलाज काढला. मेंढरू लंगडलं की कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यात त्याचे खूर बुडवायचे. ड्रममधलं घमेलंभर पाणी घेतलं, पाला टाकला, मनीला धरून उभी केली. रोज करणार. संपत हसला, म्हणाला, आये, मांजराला मेंढी केलीस.

९ मार्च
नखं संपली. आता मनी बोटं चावते. रगत येतं, पण ओरडत न्हाई. खुरात जीव हाय का बघायला आम्ही सुई टोचायचो. तशी टोचली. ती शांत माझ्याकडं बघत राहिली. खाज न्हाई ही. तिचा पाय कुठं गेला ते तिला कळत न्हाई. दातानं शोधते.

११ मार्च
स्वप्नालीचं अक्षर वाकडं येतंय. मी चिडवलं, कोंबडीकडं शिकवणी लावली का गं? ती म्हणाली, बोटांना मुंग्या येतात. मालनच्याही बोटांना येतात, ती म्हणते, पॅकिंगच्या कामानं. पोरीची बोटं पाल्याच्या पाण्यात बुडवून ठेवली, बराच वेळ. बरं वाटतं म्हणाली. काहीच दुखत न्हाई म्हणाली.

१३ मार्च
मनी मेली. ड्रमच्या बुडाशी, जिथं पाणी पाझरतं तिथं. रोज तिथंच चाटायची.
ड्रम आडवा केला. तळाला पिवळा थर, सायीवानी. हात लावला, बोट बधिर झालं. संपतला विचारलं, यात काय होतं? म्हणाला, काय की, सोड्यानं घासला होता आये. समद्या ओळीनं तसलेच आणलेत.
घमेलं मीच भरत होते, रोज.
बाहेर गेले. ओळीतली पोरं उंबऱ्यावर बसलेली. समद्यांची बोटं तोंडात. कुणी रडत न्हाई —

१४ मार्च
शिरूरच्या दवाखान्यात स्वप्नालीला बघून डॉक्टर म्हणाले, पुण्याला न्या. संपत जीप बघायला गेलाय. मालन लोकांना सांगत फिरते, ड्रम ओता. गिताबाई म्हणाल्या, आधी दुसरं पाणी दाखवा.
लिहू नको म्हटलं. स्वप्नाली म्हणते, अक्षर उमटलं की कळतं, बोटं हायेत —
मी सुई घेऊन बसलेय, तिच्या डाव्या हाताला टोचते. करंगळी — न्हाई. तिच्याशेजारचं — न्हाई. मधलं —
आंगठा हलला. हलला ना गं?
डावा हात तोंडात. हनुवटीवर लाल — हात काढ, काढ, मी म्हणते —
ती माझ्याकडं बघते, आन् विचारते, आजी, कुठला हा—