दोन वाक्यांचा निरोप्या

१ ऑगस्ट

आज रुजू झाले. कराडच्या स्टँडवर आईने इतकी रडारड केली की मी कायमची परदेशी चालले आहे असं एसटीतल्या लोकांना वाटलं असेल. बदलापूरला हेंद्रेपाड्यात खोली मात्र झकास मिळाली. घरमालकीण ठमाबाई इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. शेतावर इमारत उभी राहिली, तर त्या गच्चीत मिरच्या लावतात. आल्या आल्या मला बोंबलाचं कालवण वाढलं आणि एवरंसंच खातेस गो, म्हणून दटावलं.

कॉलेज उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. रस्ता चुकले तेव्हा सम्यक नावाचा दुसऱ्या वर्षाचा मुलगा भेटला. शेअर रिक्षात मला नीट बसवून स्वतः ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लटकत आला. नाटकात आपन पन आहे मॅडम, हे त्याने मागे वळून तीनदा सांगितलं. डाव्या भुवईत जुनी खोक आहे आणि बोलताना सारखी मान खाजवतो.

नाटक म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रज नाटककाराची पाच अंकी शोकांतिका. एम.ए.ला मी त्याच्यावरच प्रबंध लिहिला, त्यामुळे बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि मला ते हवंच होतं. माझ्या आधीचे प्राध्यापक भगवान सर, आता वारले, त्यांनी मराठी भाषांतर एका जाडजूड वहीत लिहून ठेवलंय. वही देताना सहकारी मिलिंद सर म्हणाले, सर हिला कोणाला पेन लावू देत नसत, काटछाट करायची तर झेरॉक्सवर करा. मागची साठेक पानं कोरी आहेत. वाया कशाला घालवायची? ही रोजनिशी तिथेच लिहितेय.

९ ऑगस्ट

स्पर्धेत पंचेचाळीस मिनिटं मिळतात. आमचं नाटक सव्वादोन तासांचं. कॅम्प तीनमधला झेरॉक्सवाला म्हणाला, वही ठेवून जा, उद्या देतो, शिवण उसवली तर बोलू नका. मला कुठला धीर! स्टाफरूममध्ये बसले आणि लाल पेन थेट वहीतच चालवलं. राजाराणीची भाषणं निम्म्यावर आणली. पूर्ण भूमिका एकच काढायची होती, पाचव्या अंकातला निरोप्या. येतो, दोन वाक्यं बोलतो, जातो. सरांच्या पद्धतीने भूमिकेसमोर नटाचं नाव लिहिलेलं होतं. सम्यकचं.

तो दारात उभा राहून गयावया करत होता. दोनच डायलॉग आहेत मॅडम, राहू द्या ना, बघायला बोलावलंय तिला. तिला म्हणजे आईला. आईला हाक मारायचा त्याचा स्वतःचाच एक शब्द आहे, लहानपणी बोबडं बोलताना पडलेला. तो त्याच्या तोंडून निघाला तशी मागे उभी पोरं फिदीफिदी हसली. मलाही हसू आलं. स्पर्धा तुझ्या आईसाठी नाही, असं म्हणून मी त्याच्यादेखत भूमिका आणि नाव यांवर मिळून एक रेघ ओढली. तसं बोलायला नको होतं.

१० ऑगस्ट

सम्यक आला नाही. माफी मागायची होती. पोरांना विचारलं तर म्हणे, कोण सम्यक? मला वाटलं, मस्करी चाललीय. पण हजेरीपटात एकतीस नंबरनंतर तेहेतीस आहे. मिलिंद सरही म्हणाले की या नावाचा मुलगा आपल्याकडे कधी नव्हता.

१२ ऑगस्ट

दुपारी गेटवर एक बाई उभ्या होत्या, अंजनाबाई. जीन्सच्या कारखान्यात धागे कापतात. हातात दोन डबे. म्हणाल्या, रोज दोन भरते, एक माझा, दुसरा कोनाचा तेच आठवत नाय, पाय इकडं वळतात. घरात एकट्याच राहतात. बोलताना सारखी मान खाजवत होत्या.

हे मी केलंय. त्या एका रेघेने.

१३ ऑगस्ट

निळ्या पेनाने भूमिका पुन्हा लिहिली. निरोप्या, समोर सम्यक, खाली त्याची दोन वाक्यं. मान वर केली तर तो दारात. मी रडले, त्याचा हात धरला. भूक लागलीय का विचारलं. महाराज, सैन्य पळालं, असं म्हणाला. पुन्हा विचारलं. यापुढे मला विचारू नका, म्हणाला. वहीतली ती दोन वाक्यं, एवढंच बोलतो. भुवईत खोक नाही. मान खाजवत नाही.

अंजनाबाईंकडे नेलं. त्यांनी डबा उघडून घास भरवला. मग मला बाहेर बोलावून हळूच म्हणाल्या, पोरगं माझंच वाटतंय मॅडम, पन आत कोनी नाय.

१४ ऑगस्ट

जेवढं लिहिलं तेवढाच येतो. रोजनिशीच्या पहिल्या पानावरून उतरवून त्याच्या नावाखाली खोक लिहिली. खोक आली. मान खाजवणं लिहिलं. खाजवू लागला.

मग पहिलं पान पाहिलं. आईच्या रडण्यावर लाल रेघ. मी ओढलेली नाही. आईला फोन लावला. कोण बोलतंय, म्हणाली. वैष्णवी म्हटलं. राँग नंबर, म्हणून ठेवला.

पंचेचाळीस मिनिटांचं माप वहीला मीच घातलं. त्याचं वाढलं की वही दुसरं काहीतरी छाटते. वहीत दुसरं आहे कोण? मीच लिहून ठेवलंय स्वतःला.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेले. मिलिंद सरांनी विचारलं, कोणाच्या पालक तुम्ही. हेंद्रेपाड्याला परतले तर ठमाबाई दारातच — कोन गो तू? खोलीला दुसरंच कुलूप.

थांबता येईल. अंजनाबाईही म्हणाल्या, र्‍हाऊ द्या, एवढा पुरे. पण तो ओट्याशी उभा राहून त्यांना महाराज म्हणतो — त्या तोंड फिरवतात — मी नाही थांबू शकत.

१६ — की १७

अंजनाबाईंच्या घरात लिहितेय. त्याचं रिक्षात लटकणं लिहिलं. तीनदा मागे वळणं लिहिलं. हसला. खरंच हसला. माझ्या गावाचं नाव — स्टँड आठवतो, गाव नाही. तिथे लाल आहे.

मला खूप भीती वाटतेय.

दुपार

एकच उरलंय. त्याने आईला हाक मारायला हवी. तो शब्द तिला आठवत नाही. मी तेव्हा हसले, लिहून ठेवला नाही — फक्त माझ्या डोक्यात आहे — मी गेले की तोही गेला.

रेघ याच पानावर आलीय. वरून खाली. घाई —

ती समोर बसलीय, डबा उघडून. तो तिच्याकडे बघतोय, तोंड उघडं — थांबलाय.

सम्यक आईला हाक मारतो ती अशी —