काळ्या टोपीचा वटवट्या

ब्रुकलिन, १९ मे

प्रिय क्लेमेंट,

बरा आहेस ना? तुझ्या पोर्टलंडला अजून पाऊसच असेल. इथे ओकच्या झाडांना तुरे आलेत, वारा दक्षिणेचा आहे. म्हणजे उत्तरेकडे निघालेल्या पाखरांची बागेत काय गर्दी असेल ते तुला सांगायला नको. दर रविवारी तुझा फोन वाजतो आणि मी उचलत नाही. रागावलेली नाही रे. पण आधी पाखरांचं सांगते.

नारिंगी गळ्याचा एक वटवट्या परवा बागेतल्या पुलाच्या कठड्यावरच येऊन बसला. डॅडी आठवले. रात्रपाळीची गाडी चालवून यायचे आणि अंगावर रेल्वेचा गणवेश तसाच ठेवून आपल्याला इथे आणायचे. एकच दुर्बीण आणि आपली ओढाओढ. खिशात मम्मीचा खोबऱ्याचा पाव, पार भुगा झालेला. पाखरू तुला आधी दिसायचं, मला आधी ऐकू यायचं.

गाएतानो आठवतो ना, टपालवाला? त्याच्या यादीतली सगळी पाखरं माझ्या कानांच्या जिवावर. त्याच दिवशी आम्ही पाखरं बघणारे सगळे ओकखाली माना वर करून उभे होतो.

"काय गं, आज तोंडाला कुलूप?" तो म्हणाला. "कुठे गातोय सांग की!"

मी बोट दाखवलं. उगाच, भलत्याच फांदीकडे. सगळे तिकडे वळले, गाएतानो नाही. माझ्यासमोर आला आणि एकेक अक्षर सुटं करत विचारलं, "कधीपासून?"

"गेल्या वसंतापासून," मी म्हटलं. "आधी बारीक आवाज गेले. आता माणसंही चाललीत."

त्यानं माझा हात धरला आणि वर पाखरू गात होतं तसं तळहातावर बोटानं ठोकत राहिला. आधी हलकं, मग जोरात, पुन्हा हलकं.

"काळ्या टोपीचा वटवट्या!" मी ओरडले. आणि सगळ्यांदेखत रडू फुटलं.

"बघा," गाएतानो म्हणाला, "शेवटी हिनंच ओळखलं!"

तर फोनचं हे असं आहे. तुझा आवाज येतो, शब्द लागत नाहीत. डॉक्टर म्हणतात, कानातल्या यंत्रानं थोडा फरक पडेल. पाखरांची आशा सोडा. पाखरांचं मी सोसेन, क्लेमेंट. तुला नुसतं "हो, हो" म्हणत राहणं मला जमलं नाही.

समोर बसलास तर ओठांवरून सगळं कळतं. या महिन्यातच ये. भांडायचं असेल तरी इथे येऊन भांड.

तुझं बोलणं बघायला आतुर,
व्हेरोना