लेकीच्या वजनाची सायकल

प्रिय काडे,

पाकीट बघून घाबरू नको. कोणाला काही झालेलं नाही. तुझे बाबा ठणठणीत आहेत, टीव्हीसमोर बसून बातम्या देणाऱ्यांना अक्कल शिकवताहेत. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मध्येच खिदळतेस, मग मी चिडते आणि दोघी फोन आपटून मोकळ्या होतो. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही. अक्षराला नाक मुरडू नको. शाळा सुटल्यापासून मी पेन धरलं ते सहीपुरतं.

तर ऐक. नोकरीला जाताना तू जिन्याखाली टाकून गेलीस ना ती सायकल, ती मी चालवते. झालं, लिहून टाकलं एकदाचं. आमच्या धुलाई कारखान्यानं आम्हा बायकांना कामावर न्यायची गाडी बंद केली, आणि बसची वाट बघत उभं राहणं माझ्या स्वभावात नाही हे तुला माहीतच आहे. तेव्हा काढली तुझी सायकल. आधी आपली सरळ रस्त्यानं जायचे. मग एकदा रस्ता खणून ठेवला, म्हणून टेकडीवरून गेले. वर ढकलत नेली, धापा टाकत, रस्ता खणणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरत. आणि पलीकडे उतार लागला. दगड, मुळं, मध्येच पाण्यानं खाल्लेला चर. काडे, मी सगळा उतार बोंबलत आले. खाली पोचल्यावर पहिलं काय केलं, तर कोणी बघितलं का ते बघितलं. कोणी नव्हतं. मग सायकल वळवली आणि परत वर गेले. त्या दिवशी कामाला उशीर झाला, तर पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

आता रस्ता केव्हाच नीट झालाय. मी टेकडीवरूनच जाते.

लाज कशाची, असं तू म्हणशील. तू म्हणशीलच, तुमचं वयच तसं. पण तुझी काकू पोहायला शिकायला निघाली तेव्हा म्हातारचळ लागलाय म्हणून घरभर हसवत कोण फिरत होतं? मीच. ही सायकल तू घरी आणलीस तेव्हा हातपाय मोडायची हौस म्हणाले तीही मीच. आणि आता तुझी जुनी विजार दोन्ही बाजूंनी उसवून, मध्ये पट्टी घालून मी अंगात चढवते. वाळत घालते तीसुद्धा चादरीच्या आड. बाबांनी परवा विचारलं, काडीची विजार दोरीवर कशी? म्हटलं, कुबट वास येत होता. त्यांनी मान डोलावली. त्या मानेकडे मला बघवेना.

आता खरी भानगड. तुझ्या सायकलीला शॉकअप फक्त पुढे. मागे नुसतं लोखंड. दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहून हॉटेलच्या चादरी दाबायच्या, त्यानं कंबर आधीच कामातून गेलेली, त्यात टेकडीवरचा एकूण एक दगड वर येऊन मला विचारून जातो, काय बाई, कशी आहेस. तेव्हा म्हटलं, निदान दुकानात जाऊन बघून तर येऊ. बघायला काय जातंय.

दुकानदार तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. नखांत वंगण, बोलायला गोड. त्यानं विचारलं, मावशी, कोणासाठी बघायची? आणि ज्या तोंडानं मी आमच्या मॅनेजरला सगळ्यांदेखत बिनडोक म्हटलंय, त्या तोंडातून निघालं, मुलीसाठी.

एकदा म्हटल्यावर मागे कसं फिरणार? त्यानं वजन विचारलं. मी माझं सांगितलं. तो अदबीनं म्हणाला, ताई तब्येतीनं चांगल्या आहेत मग. काडे, तुझ्या तब्येतीची मी त्या दुकानात पार वाट लावली. तुझी कंबर दुखते. चढाला तुला दम लागतो. तू पडतेस ती नेहमी डावीकडे. तो सगळं मन लावून ऐकत होता आणि माझे कान पेटले होते.

मग त्यानं दोन सायकली पुढे ओढल्या. एक तुझ्या सायकलीसारखीच, तिला म्हणे हार्डटेल म्हणतात. दुसरीला मागेही शॉकअप. म्हणाला, हार्डटेल हलकी, चढाला पळते, सांधे कमी म्हणून दुखणीही कमी. ही दुसरी जड आहे, महागही आहे, सारखं हिचं काही ना काही बघावं लागतं, पण उताराला माणसाची चूक पोटात घालते. हार्डटेल घालत नाही, तिथल्या तिथे थोबाडीत देते. म्हटलं, मग शिकणाऱ्यानं थोबाडीत खाल्लेलीच बरी, मी तरी पोरांना असंच वाढवलं. तो हसला. म्हणाला, ज्याला चढायला मजा येते त्यानं हार्डटेल घ्यावी. तुमच्या मुलीला नेमकं काय आवडतं?

आता सांगायचं होतं, मला काय माहीत, तिचं तिला विचारा. पण मी बोलत सुटले. म्हटलं, तिला उतार आवडतो. वर पोचते तेव्हा दरवेळी घाबरते, आज नको म्हणते, आणि तरी सुटते. खाली येईपर्यंत तिच्या डोक्यात ना घर असतं ना काम. फक्त पुढचा दगड असतो. तेवढं झालं की तिचा दिवस नीट जातो, आणि एखाद्या दिवशी जमलं नाही की ती सगळ्यांवर खेकसते. हे मी कोणाला, तुझ्या बाबांनासुद्धा, सांगितलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं गं, मेलं भर दुकानात. तू परगावी असतेस हे मी आधी बोलून गेले होते, त्याला वाटलं, लेकीची आठवण आली. त्यानं पाणी आणून दिलं. ते पाणी पिताना जी शरम वाटली तशी मला उभ्या जन्मात वाटलेली नाही. तुझं नाव पुढे करून मी माझं मन सांगत होते, आणि तो बिचारा मला आई म्हणून मान देत होता.

मग तोच म्हणाला, दोन्हीकडे शॉकअपवालीच घ्या. शनिवारपर्यंत बाजूला ठेवतो. फक्त मुलीला घेऊन या. मागच्या शॉकअपमध्ये हवा भरतात ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. नेहमीचे बूट, पाठीवर पिशवी, सगळं घेऊन तिला वर बसवायचं, शॉकअप किती दबतो ते बघायचं आणि तसं पंपानं भरायचं. दुसऱ्या कोणाला बसवून चालत नाही. मी मान हलवली आणि पळाले.

हे पत्र मी आधी निराळंच लिहिलं होतं. तू शनिवारी ये, पिशवीत विटा भरून त्याच्यासमोर बस, असं. खरंच लिहिलं होतं, दगड की विटा याचाही विचार झाला होता. मग ते वाचलं आणि फाडलं. तेव्हा आता नीट सांगते. शनिवारी ये. विटा नकोत. एकटी गेले तर मी दारातूनच परत फिरेन. बाबांना मी आज सांगणार आहे, त्यांचं हसून होऊ दे. तुला हसायचं असेल तर बसमध्येच हसून घे. दुकानात मात्र गप्प उभी राहा. तो तुला वरपासून खालपर्यंत बघेल, गोंधळेल, आणि तरी सायकल पुढे करून म्हणेल, बसा ताई. तेव्हा तू नुसती बाजूला सरक. पुढचं मी बघते.

तुझीच,
आई