माझ्या उजव्या मुठीचे बाराशे डॉलर

४ नोव्हेंबर
प्लास्टर निघालं. उजवी मूठ मिटत नाही, म्हणून डाव्या हाताने लिहितोय. डॉक्टर म्हणतात, आठ आठवडे ऑक्युपेशनल थेरपी घ्या, म्हणजे हाताचे व्यायाम. आमचा फोरमन रस्क म्हणतो, दोन जानेवारीला पाना धरून दाखव, नाहीतर गोदामात बसून पावत्या फाड. सव्वीस वर्षं ट्रकची इंजिनं उघडतोय मी! पैशाची काळजी नाही. पगारातून कापून औषधपाण्याच्या खास खात्यात ठेवलेले बाराशे डॉलर आहेत, त्यावर कर नाही. वर्षअखेर उरले तर कंपनीच्या घशात. उरू देतो होय!

७ नोव्हेंबर
थेरपिस्ट ओडेलबाई. वय माझ्या पोरीएवढं, तोरा हेडमास्तरणीचा. हिरवा चिकट गोळा दाबायला लावला. मग दोरीला कपड्यांचे चिमटे. बिल एकशे चाळीस, खात्याच्या कार्डावर. चिमटे काय आमच्या घरी नाहीत? पुन्हा जाणार नाही. घरीच करीन. रोज सकाळी सहाला.

८ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
उद्यापासून.

२१ नोव्हेंबर
खात्याच्या ऑफिसने थेरपीची पावती मागितली. म्हणजे मी चोर! फोन लावला. एक्कावन्न मिनिटं होल्डवर बासरी. मग एक बाई म्हणाली, पावती येईपर्यंत कार्ड बंद. तिला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. बायको मार्लीन म्हणते, ओडेलबाईंना सांग, लगेच पाठवतील. त्या बाईपुढे नाक घासू? मेलो तरी नाही.

१९ डिसेंबर
मार्लीनने परस्पर पावती मागवली. कार्ड सुरू. एक हजार साठ शिल्लक. ओडेलबाईंकडे मात्र जानेवारीपर्यंत जागा नाही म्हणे. सूड, दुसरं काय. मार्लीनने विचारलं, घरी चिमटे किती वेळा लावलेस? खोचक बाई.

३१ डिसेंबर
कंपनीला दमडी मिळणार नाही! औषधांच्या दुकानात खात्यावर चालेल ते सगळं उचललं. दुखण्यावरच्या गोळ्यांच्या तीस बाटल्या, उन्हाने कातडी भाजू नये म्हणून लावायच्या मलमाच्या चोवीस. बाहेर गुडघाभर बर्फ. गल्ल्यावरची पोरगी म्हणाली, फ्लोरिडाला का आजोबा? मूर्ख. खातं रिकामं. जिंकलो.

२ जानेवारी
पाना सुटला. रस्कच्या बुटावर पडला. गोदाम.
हात ठणकतोय. गोळ्यांची बाटली काढली. लहान पोरांना उघडता येऊ नये असं झाकण. दाबून फिरवायचं. फिरेना. तिसाव्या बाटलीपर्यंत एकही नाही.
मार्लीनने उघडून दिली. चिमट्यांची पिशवी समोर ठेवून गेली.
दोरीला दोन लागले. तिसरा नाही.