सोमवारची कानतपासणी

अंबत्तूर, बुधवार

प्रिय संयुक्ता,

एकाच शहरात राहून बाप पत्र लिहितोय म्हणून हसशील. हस. पण आधी कामाचं सांगतो. सोमवारी तुझी ती कानतपासणी आमच्या कारखान्यातल्या प्रेस शॉपमध्ये आणू नकोस.

तुझ्या गिंडीच्या प्रयोगशाळेतलं कान तपासायचं यंत्र तू मोबाइलमध्ये बसवून कामगारांच्या दारात आणलंस, तेव्हा माझी छाती फुगली होती. शेजारच्या युनिटमधल्या लोकांना मीच गळ घातली. माझी पोरगी आहे, बिनधास्त बसा म्हणालो. तू कुणाचं नाव मालकाला सांगितलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांना कमी ऐकू येत होतं त्यांना तू पुढच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवलंस, तेही कामाच्या दिवशी. ज्यांनी रजा मागितली ते मालकाला आपोआप कळले. सगळी कंत्राटी माणसं. पुढच्याच महिन्यात त्यांना गेटवरून परत पाठवलं. गिरीधर त्यातलाच. तो आता एका गोदामावर राखणदार आहे. बहिऱ्याला राखण! ट्रकवाले हॉर्न वाजवून दमतात आणि शेवटी खाली उतरून त्याला हलवतात.

आता आमच्या पोरांनी शहाणपण केलंय. कानात बीप येवो न येवो, तू बीप सोडायला मोबाइलच्या पडद्यावर अंगठा टेकवलास की ऐकू आलं म्हणून बोट वर करायचं. चहाच्या सुट्टीत सराव चाललाय. म्हणजे तुझ्या अहवालात आमचं शॉप ठणठणीत निघणार, आणि उद्या कुणीतरी तोच अहवाल पुढे करून म्हणणार, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या आवाजाने कुणाचं काही बिघडत नाही. तुझी सगळी मेहनत पाण्यात जाईल याचं मला फार वाईट वाटतं. पण पोरांना अडवायला माझी जीभ रेटत नाही.

पोंगलला घरी आलीस ती रुसून गेलीस. बाबा घरातसुद्धा तमिळ बोलतात, मराठी विसरले, म्हणून. तुझ्या आईला वाटतं मी म्हातारपणी घुम्या झालो. अगं, इचलकरंजी सोडून इथे आलो तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. शॉपच्या दणदणाटात कानाने शिकणं शक्यच नव्हतं, म्हणून माणसांच्या ओठांकडे बघत शिकलो. तमिळ मला आजही दिसते. मराठी कधी बघावी लागली नाही, ती जन्मापासून ऐकतच आलो.

गेलं वर्षभर तू माझ्याशी मराठीत काय बोलतेस ते मला कळत नाही, बाळा. फोनवर मी नुसतं हो हो म्हणतो. मागे कॉलनीच्या हॉलमध्ये तू कामगारांसमोर तमिळमधून बोललीस, तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो, आणि कितीतरी दिवसांनी तुझा शब्द न् शब्द मला समजला. कानाची नस एकदा मेली की परत येत नाही, असं तू सांगत होतीस. आईला यातलं काही बोलू नकोस. तपासणी थांबवणं तुझ्या हातात नसेल, तर सोमवारी मीही तुझ्यासमोर येऊन बसेन. निवृत्तीला अजून अवकाश आहे. अंगठा झाकू नकोस.

तुझाच,
बाबा