शेजारच्या वहूची शिकवणी

बाबा, आज आपल्या मांजलपूरच्या घरी ती आली होती. ती म्हणजे तुमची लाडकी विद्यार्थिनी, शेजारच्या ब्लॉकमधली गुजराती वहू, त्या घरची सून. आता कसली वहू! केस माझ्यासारखेच पांढरे झालेत, कॅनडात स्वतः सासू होऊन बसली आहे. तुमच्या फोटोपुढे हात जोडून उभी राहिली आणि ढसाढसा रडली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला वाटलं, माझ्या बापासाठी रडणारी ही कोण? त्या काळी पोटात जिथे दुखायचं ना, बरोबर तिथेच दुखलं. ती गेली आणि मी हे लिहायला बसले.

तुम्ही शाळेत गणित शिकवायचात. शाळेतल्या मुली म्हणायच्या, सर किती शांत. मला खरंच वाटायचं नाही. घरी स्वयंपाकघरात पाटावर बसून मी गणितं सोडवायचे, आणि एक आकडा चुकला की तुम्ही अख्खी पाटी पुसून टाकायचात. "डोकं घरी विसरून आलीस का?" असं विचारायचात, आणि मी तर घरीच असायचे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मी लहानपणीच शिकले.

मग तुम्ही निवृत्त झालात, आई गेली, आणि त्या रिकाम्या घरात तुम्ही कॉम्प्युटर आणून ठेवलात. आईच्या जुन्या साडीचं त्याला कव्हर शिवून घेतलंत. सोसायटीत तेव्हा दुसऱ्या कोणाकडे नव्हता. मी दर रविवारी सासरहून, पार बडोद्याच्या दुसऱ्या टोकाच्या समाहून स्कूटरवरून यायचे, दोन भाज्या करून ठेवायचे. पहिल्याच रविवारी मी हौसेने त्याच्यापुढे बसले आणि उठताना थेट बटण दाबून बंद केला. तुम्ही कडाडलात, "असा गळा दाबतात का त्याचा? शिकलेली ना तू? परत हात लावू नकोस." दोन मुलांची आई होते मी, आणि दारात ती उभी होती, साखर मागायला आलेली. मी परत हात लावला नाही. तुमचीच मुलगी, हट्ट कुठून आला ते निराळं सांगायला नको.

तिचा नवरा कॅनडात गेलेला, फोन परवडायचा नाही, म्हणून तिला ई-मेल शिकायचं होतं. तुम्ही वेळ दिलीत ती रविवार संध्याकाळची, नेमकी माझी. मी आत ओट्यापाशी आहे, गॅसवर चहा आहे, आणि बाहेर ती माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला नेते आणि थांबते. "काका, टेबल पूरुं थई गयुं." टेबलच संपलं म्हणे! मी कान टवकारते, आता बसणार ओरडा. पण तुम्ही म्हणता, "उचल बेटा, उचलून परत मध्ये ठेव. त्याला काही कळत नाही." बेटा! माझ्या वाट्याला हा शब्द कधी आला होता, बाबा? मी आठवून आठवून थकले.

तुमच्या युक्त्या तर संपायच्या नाहीत. पत्र आधी सगळं लिहून घ्यायचं, मग इंटरनेट जोडायचं, पाठवलं की तोडायचं, नाहीतर फोन अडकून राहतो. (मी समाहून फोन करायचे तेव्हा तो कायम अडकलेलाच असायचा, ती युक्ती तुम्हाला स्वतःला लागू नव्हती.) माऊस अडखळला तर खालची गोळी काढून पुसायची. अनोळखी माणसाने पाठवलेलं काही उघडायचं नाही. दर दोन ओळींनी सेव्ह करायचं, बडोद्याच्या विजेचा भरवसा नाही. एकदा मराठी वर्तमानपत्र उघडलंत तर नुसत्या चौकटी आणि किडामुंगी. कुठून तरी त्याचा फॉन्ट शोधून उतरवलात, आणि अक्षरं उमटली तेव्हा लहान मुलासारखी हाक मारलीत. मी हात पुसत बाहेर धावले. हाक तिला होती. तिला मराठी वाचताही येत नव्हतं.

आणि तो दसरा! पुस्तकांशेजारी कॉम्प्युटरची पूजा मांडलीत. मला तबक धरायला सांगितलंत आणि कुंकू लावायला तिला. तिने हात सैल सोडून अक्षता उधळल्या, त्यातल्या चार फ्लॉपीच्या फटीत गेल्या आणि ते यंत्र कुरकुर करायला लागलं. मी मनात म्हटलं, आता बघा. तुम्ही हसलात. "असू दे, जेवला बिचारा," म्हणालात, आणि चिमटा घेऊन दुपारभर तांदूळ काढत बसलात. मी तबक ठेवून आत गेले. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आपल्याकडे उलटं होतं. शिकवणी सुनेला आणि लागायचं लेकीला.

आज हे सगळं मी तिला बोलून दाखवलं. हसत हसत, पण दाखवलं. म्हटलं, तू भाग्यवान, तुला एकदाही ओरडले नाहीत. ती हसली नाही. डोळे पुसत म्हणाली, "मने तो काका कोई दिवस वढ्या ज नथी. पारकाने कोण वढे, बेन?" तिला तुम्ही कधी रागावलाच नाहीत; परक्याला कोण रागावतं. तिला स्वतःचा बाप आठवतही नाही, हे तिने आज सांगितलं; मला ठाऊकच नव्हतं. दर रविवारी तुम्ही मला झापायचात आणि ती ते ऐकत बसायची, तिचं लक्ष त्या वेळी कॉम्प्युटरवर नसायचं म्हणे.

म्हणून माझी जळजळ गेली असं समजू नका. तो 'बेटा' मला अजून हवा आहे. हे पत्र मी कॉम्प्युटरवरच लिहितेय, तुमच्या जुन्या ई-मेलच्या पत्त्यावर पाठवणार नाही, नुसतं ठेवून देणार. दर दोन ओळींनी सेव्ह करतेय. तुम्ही विचाराल, तुला कोणी शिकवलं? तुम्ही दर रविवारी घोट घेऊन तोंड वाकडं करायचात ना, "चहा आहे की काढा?" म्हणून? तो उकळत राहायचा, कारण मी ओट्यापाशी नसायचे, दाराआड उभी असायचे. आज तिच्यासाठी केला तो चहा अगदी बेताचा झाला. बाहेर शिकवणारं कोणी नव्हतं.